किल्ल्याची भट्टी

"परत काहून आलात बाई?" बबनरावांनी चहाची कपबशी पुढे केली. "मागं सोळा भोकं पाडली, तेवढी पुरली न्हाईत?"

"भोकं पुरली," मंजुषा म्हणाली. "उत्तर चुकलं."

बबनरावांचं गाव धारूरच्या किल्ल्याखाली, घाटाच्या कडेला. घराणं कुंभारांचं. किल्ल्याच्या विटा आपल्याच पूर्वजांनी ओढ्यापलीकडच्या भट्टीत भाजल्या आणि त्यानंतर तिच्यात विस्तव पडला नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगत. तीन महिन्यांपूर्वी मंजुषालाही सांगितलं होतं. ती हरखूनच गेली होती.

तिला अशीच भट्टी हवी होती. मातीत लोखंडाचे बारीक कण असतात. माती लाल होईपर्यंत तापून निवली, की ते कण त्या वेळची चुंबकीय उत्तर दिशा धरून बसतात. पुन्हा तेवढी आच लागेपर्यंत सोडत नाहीत. ही उत्तर मात्र एका जागी राहत नाही, सरकत असते. ती शतकानुशतकं कशी सरकली, याचं मॉडेल मंजुषानं पुण्यात तीन वर्षं खपून बांधलं होतं. भट्टीच्या भिंतीला भोकं पाडून काढलेले नमुने त्याला द्यायचे आणि त्यानं भट्टी शेवटची कधी पेटली ते सांगायचं. चारशे वर्षं म्हणालं, तर मॉडेल पास.

मॉडेल म्हणालं, आजकालची.

तिचे मार्गदर्शक सर फोनवर शांतपणे बोलले होते. "भट्टी चारशे वर्षांची आहे ना? मग मॉडेल चुकलंय. पहिल्यापासून सुरू कर."

आता एकच आशा होती. नमुना काढताना त्यावर उत्तरेचा बाण काढावा लागतो. ते बाणच चुकले असतील, तर मॉडेल वाचणार होतं. आपली चूक सापडावी म्हणून मंजुषानं जन्मात पहिल्यांदा देवाला हात जोडले.

देव मात्र घाईत नव्हता. ती काल सकाळीच धारूरला येऊन थांबली होती, पण काल अमावस्या. अमावस्येला भट्टीकडे फक्त भिवराबाई आणि तिच्या चार मैत्रिणी जात. भिवराबाई म्हणजे बबनरावांची आई.

"आईला दृष्टांत झाला," बबनराव सांगत होते. "देवी म्हणली, भट्टीत बायकांनीच यायचं, पुरुषाची सावली नगं. धा वर्षं झाली, गावातला एक गडी ओढा ओलांडत न्हाई."

"पूजेला आत काही पेटवतात?"

"एक पणती. आन धूप. धूप मात्र लई! घाटातनं दिसतो बगा."

पणतीनं काय होणार? भिंतीतले कण हलवायला सहाशे अंशांची आच लागते. मंजुषानं वहीत नुसतं 'पणती' लिहिलं आणि त्यावर काट मारली.

"आई लई भाविक," बबनरावांचा आवाज हळवा झाला. "दर जत्रंला नारायणगडावर जाती. पाच जणी मिळून टेम्पो करतात, निवदाचं सामानच तेवढं आसतंय. जन्मभर राबली हो. मला नोकरी लागली तसं तिला मातीत हात घालू दिला न्हाई. आता निस्तं देवदेव करती."

तेवढ्यात भिवराबाई पदर खोचत बाहेर आली. पंच्याहत्तरी उलटलेली, पण चाल तुरुतुरु. "चल गं पोरी," म्हणाली आणि पुढे निघालीसुद्धा. बबनराव ओढ्यापर्यंत आले, चपला काढल्या, हात जोडले आणि तिथेच डोळे मिटून उभे राहिले.

भट्टी आतून शेणामातीनं ताजी सारवलेली होती. मधोमध देवीचा राखेचा ओटा. त्यावरच्या झेंडूच्या माळा एका दिवसात वाळून कोळपल्या होत्या. मंजुषानं सारवण खरवडून जुनी भोकं मोकळी केली. भिंत हाताला ऊन लागत होती. एप्रिल तो एप्रिलच.

इथला काळा दगड होकायंत्राला चकवतो. म्हणून दाराशी काठी रोवून तिनं उन्हाची सावली मापली आणि वहीतला एकेक बाण त्या त्या भोकाशी पुन्हा ताडून पाहिला. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. सोळाच्या सोळा बरोबर.

ती मटकन खाली बसली. डोळे भरून आले.

"रडती काहून?" भिवराबाई शेजारी टेकली.

"तीन वर्षं वाया गेली, आजी. माझं मॉडेल खोटं निघालं."

"काय म्हणतंय ते?"

"म्हणतंय, ही भट्टी आत्ता आत्ता पेटली होती."

भिवराबाई आणखी जवळ सरकली. "कुणी सांगितलं त्याला?"

"कुणी नाही. मातीनं."

म्हातारीनं मान वळवून ओढ्याकडे पाहिलं. बबनराव अजून डोळे मिटून उभे होते. मग तिनं मंजुषाच्या गालावरून हात फिरवला.

"आगं, मग लई गुणाचं हाय की ते!"

तिनं देवीच्या माळा बाजूला केल्या, दोन्ही हातांनी राख आणि खापरं दूर सारली. खाली ओळीनं माठ रचलेले होते, तांबडेलाल, पोटाला पोट लावून. मंजुषाला असं हसू फुटलं की भिवराबाईला तिच्या तोंडावर हात ठेवावा लागला.

"हळू! बबनला कळंल. टेम्पो यायचाय, चार माठ भाईर काढू लाग. आन वढणीनं धर, आजून गरम हायेत."