तारखा की आवाज

सहा वाजता आईच्या नोंदींचं ॲप बंद होणार होतं आणि पावणेचार वाजून गेले होते.

जेवणाच्या टेबलावर आईचा फोन चार्जरला लावलेला होता. शेजारी लॅपटॉप, आणि त्यावर मुलीनं स्वतः केलेला तक्ता: नोंदी जिथं हलवता येतील अशी अकरा ॲप, चौदा रकाने. ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी करणं हे तिचं काम. पुस्तक कुठल्या विषयात घालायचं हे ठरल्याशिवाय ती त्याला फळीवर जाऊ देत नसे. आई जाऊन सात आठवडे झाले होते, त्यातले तीन या तक्त्यात गेले. सेवा थांबवत असल्याचं कंपनीचं पत्र आलं तेव्हा हाताशी महिना होता. आता कुठल्यातरी एकाच ॲपमध्ये सगळं हलवता येईल एवढा वेळ उरला होता. हलवायला दोन तास लागतात.

आईच्या एकोणीसशे नोंदी होत्या. शीर्षक कशालाच नाही. गीझर दुरुस्तीवाल्याचा नंबर, त्याखाली ‘उचलत नाही, सारखा करत राहायचा’. ‘ह्यांना मीठ कमी. कुरकुर केली तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं.’ हात कामात असले की आई लिहायच्या ऐवजी बोलून ठेवायची. तशा दोनशे नोंदी होत्या.

अकरातली दोनच ॲप उरली होती. निळ्यात तारखा जशाच्या तशा राहत होत्या, पण बोललेलं काही येत नव्हतं. करड्यात आवाज येत होता, पण प्रत्येक नोंदीवर हलवलेल्या दिवसाची तारीख पडत होती.

धाकट्या भावाचा ऑफिसमधून फोन आला. “ताई, तीन आठवडे स्थळं बघतेयस. एकाला तरी हो म्हण.” तो म्हणत होता, निळं घे. तारखाच गेल्या तर चिठ्ठ्यांचं पोतं उरेल, आणि पोत्यात हात घालून काय सापडणार? खरं तर हे तूच मला सांगायला हवंस. मग आवाजाचं काय, असं तिनं विचारलं. बाबांना विचार, म्हणाला, आणि मीटिंगला बोलावतायत म्हणून फोन ठेवला.

तो म्हणत होता ते बरोबर होतं. एरवी तिनं डोळे मिटून तारखाच घेतल्या असत्या. पण परवा चाळताना तिला एक नोंद दिसली होती. ‘डावीकडे गाठ. वाटाण्याएवढी. दुखत नाही. नंतर बघू.’ तारीख गेल्या वर्षीची, अठरा मे. घरात आईनं सांगितलं ते डिसेंबरात. आणि चोवीस मेला बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं.

आई गेल्यापासून तो फोन मुलीशिवाय कुणी उघडला नव्हता. नव्या ॲपमध्ये मात्र तिघांनाही सगळं दिसणार होतं, आणि बाबा ओळ न ओळ वाचणार होते. वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा ते सोडत नसत. ती नोंद पुसून टाकायला तिचं बोट दोनदा पुढे झालं होतं. आईनं लिहिलेलं पुसायचं तिच्याच्यानं झालं नाही.

बाबा झोपेतून उठून बाहेर आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. तिनं त्यांना दोन्ही ॲप समजावून सांगितली. फार भरभर सांगितली, आणि करड्याचं कौतुक जरा जास्तच झालं. तुम्हाला मारलेल्या हाका आहेत त्यात, बाबा. तारखांचा आता कुणाला काय उपयोग?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. निळ्यात प्रत्येक नोंदीची खरी तारीख दिसेल का, असं विचारलं. दिसेल, ती म्हणाली. आणि दुसऱ्यात सगळ्यांवर आजची? हो.

“डिसेंबरात मी डॉक्टरांना विचारलं होतं,” बाबा म्हणाले. “सहा-सात महिन्यांची तरी जुनी असेल म्हणाले गाठ. नेमकं नाही सांगता येत.”

ती तक्त्याकडे बघत राहिली.

“तिनं लिहून ठेवलं असेल. लिहिल्याशिवाय राहायची नाही ती.” “तू वाचलंयस?”

तिनं होकारार्थी मान हलवली.

“माझ्या ऑपरेशनच्या आधी की नंतर?”

स्वयंपाकघरात फ्रीजची मोटर सुरू झाली. चारला तीन मिनिटं कमी होती.

“नंतर,” ती म्हणाली. “बरंच नंतर.”

बाबांनी कुठला महिना ते विचारलं नाही. दाखव म्हणाले नाहीत. टेबलावर पडलेला साखरेचा दाणा त्यांनी बोटानं टिपला आणि बराच वेळ बोटावरच ठेवला.

“मग आवाजवालं घे,” ते म्हणाले.

तिनं करड्या ॲपवर बोट ठेवलं. नोंदी एकेक करून वर सरकू लागल्या. जुनी तारीख क्षणभर दिसायची आणि तिच्या जागी आजची उमटायची. आधी मार्च, मग फेब्रुवारी, मग जानेवारी. मे यायला अजून वेळ होता.

बाबांनी चष्मा काढला, काड्या मिटवून टेबलावर ठेवला, आणि तिच्याशेजारी बसून पडद्याकडे बघत राहिले.