मनगटावरचं दूध

कॅन्सरच्या ऑपरेशननंतर द्वारकाबाईंचा नवा जबडा त्यांच्याच पायाच्या हाडाचा होता आणि गालाचं आतलं अस्तर डाव्या मनगटाच्या कातडीचं. हल्ली डॉक्टर त्या कातडीच्या नसाही गालात जोडत. त्या नसा जाग्या झाल्या, तरच नाकातली अन्नाची नळी निघणार होती.

नर्सने चमच्याने दूध पाजलं. "आजी, काही कळतं का?"

द्वारकाबाईंनी पट्टी बांधलेलं मनगट चादरीला पुसलं. मुलगा अरविंद तान्हा असताना दूध फार गरम नाही ना, हे त्या तिथेच थेंब टाकून बघत.

"हातावर सांडलंस गं," त्या अडखळत म्हणाल्या.

दूध गालातच होतं; पट्टी कोरडीच होती. नर्स हसली. "म्हणजे गालातल्या मनगटाला कळलं. आता नळी काढायची."

"बेताचं कोमट आहे. आता बाळाला दे."

खुर्चीतून साठीचा अरविंद उठला आणि त्याने तोंड उघडलं.