अर्धी गोळी

गोळीची कापलेली कड सरळ होती. मधल्या खाचेवर नेमकी, जराही भुगा न पडता. प्रतिभाने डबीतली दुसरी गोळी उचलली, मग तिसरी. साऱ्या अर्ध्या. बीपीच्या अर्ध्या, कोलेस्टेरॉलच्याही अर्ध्या.

मंचरच्या दवाखान्यातली लॅब म्हणजे एक अरुंद खोली; प्रतिभा तिथली टेक्निशियन. टेबलापलीकडे पारगावचे कुंडलिककाका बसले होते. त्यांची बायको गोजरबाई भिंत आणि फ्रीज यांच्यामधल्या स्टुलावर. तिला उठायचं तर आधी काकांनी खुर्ची सरकवायला हवी होती.

"मावशी, गोळ्या कशाने कापता?"

"अडकित्त्यानं," गोजरबाई म्हणाली. "सुपारीवानी."

प्रतिभाने रिपोर्ट पुढे ओढला. काकांचं बीपी दहा वर्षांपासूनचं. मानेच्या रक्तवाहिनीत थर साचल्याचं सोनोग्राफीत दिसलं होतं. वाईट कोलेस्टेरॉल सहा महिन्यांत एकशे ऐंशीवरून एकशे तीसवर आलं होतं. डॉक्टरांना ते सत्तरच्या आत हवं होतं. औषध घेऊनही ते तितकं का उतरत नाही, हे कळावं म्हणून त्यांनी गोळ्या सोबत आणायला सांगितल्या होत्या.

"काका, अर्धी घ्यायला कुणी सांगितलं?"

"मला काय म्हाईत? ही हातावर ठेवती, मी गिळतो." काका हसले. "चष्म्याबिगर मला ताटातली भाकर दिसत न्हाई, गोळी कुठली दिसती."

"आणि उरलेली अर्धी?"

"कोंबड्यांना घालती का काय गं? तरीच अंडी कमी झाली."

गोजरबाई हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मावशी, हे साधं नाही," प्रतिभा म्हणाली. "बीपी असताना कोलेस्टेरॉलही चढं राहिलं, तर दोन्ही मिळून रक्तवाहिनी खराब करतात. अर्ध्या गोळीवर काकांना झटका येऊ शकतो."

गोजरबाईचं बोट पदरात थांबलं.

"जाऊ द्या ताई, उद्यापास्नं आख्खी देईल," काका म्हणाले. "हिला काय धाड भरलीय, हिला आजारातलं काय कळतंय? अन् ही धडधाकट हाय ते बरंच हाय. दोघं बी आडवं झालो, तर चार गाया कोण बघणार? घरात एक पेशंट पुरं." नेहमीचंच वाक्य असल्यासारखे ते बोलून गेले आणि दाराकडे बघू लागले.

गोजरबाईने प्रतिभाच्या हातातून डबी घेतली. गोळ्या रिपोर्टवर ओतल्या. डबीच्या तळाशी आठ घड्यांचा एक कागद चिकटला होता. नखाने तो सोडवून तिने उलगडला. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणी शिबिराची चिठ्ठी. बीपी एकशे ऐंशी, एकशे दहा. खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.'

काकांनी कागदासाठी हात पुढे केला. तिने तो प्रतिभापुढे सरकवला. वर नाव कुंडलिककाकांचं नव्हतं.

"खुर्ची सरकवा जरा," गोजरबाई नवऱ्याला म्हणाली. ते सरकले. ती उभी राहिली.

"ह्यांची आख्खी ह्यांनाच द्या, ताई. अन् माझ्या नावाचा येगळा केसपेपर काढा. मला बी आख्खी लागंल."