आडनावाची ओळ

राजदीप सकाळपासून मोबाइलवर रॅप मिक्स करून राहिला होता, पण स्वतःच्या आडनावाच्या ओळीवर गाडी अडायची. उद्या गाणं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजणार, अन् तिथं आडनाव ऐकलं की पोरं जात ओळखून एकमेकांकडे बघायची. म्हणून तेवढ्यापुरता तो आवाज खाली ओढायचा, बीट चढवायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. बाबा आत आले. “काय करून राहिला बे? आयकव.” इअरफोनचा एकच कान चालायचा, तो त्यानं बाबांना दिला. त्यांची डोलणारी मान मध्येच थांबली. “सगळं आयकू येते, आपलं गजभियेच काऊन नाही येत?” “बीट जोरात हाय, बाबा.” “मंग त्याले दाब. गेटवर गजभिये लिवाले म्या निळ्या पेंटचा डबा पुरा संपवला.” बाबा अंगणात गेले. राजदीपनं त्या ओळीवर बीट पुरा बंद केला अन् मोबाइलमधून इअरफोनची पिन उपटली. गेटपर्यंत आडनाव एकटंच वाजलं.