घाईचं चित्र

संगणकावर एकच आकार लहान-लहान होत गुंफणाऱ्या फ्रॅक्टल चित्रांच्या वर्गात मास्तरांचं पालुपद ठरलेलं असे, "सॉफ्टवेअरमध्ये दर्जाचा आकडा वरच ठेवा. संगणक दोन दिवस घेईना का, नक्षी कशी रेशमासारखी उतरली पाहिजे!"

आज मात्र त्यांनी स्वतःच तो आकडा पार तळाला नेला आणि दहा मिनिटांत चित्र छापून घेतलं. वाळू सांडल्यासारखं खरखरीत आलं ते.

"काय हो मास्तर, आज शिस्त कुठे फिरायला गेली?" एका विद्यार्थिनीने चिडवलं.

ओल्या शाईवर फुंकर घालता घालता मास्तर थांबले.

 

"आईच्या विणकामावरून केलंय गं हे. मनासारखं झालं की दाखवीन, म्हणत वर्ष काढलं, आणि आज दुपारी तिचा उरलेला डोळा काढणार आहेत."