अक्का निघाली की गेट वाजतं

गेट वाजलं आणि ग्रंथपालांनी मान वर न करताच ओळखलं, अक्का निघाली.

"थांबा. पिशवी दाखवा."

अक्काने निमूटपणे पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, चष्मा, किल्ल्या, रुमाल. पुस्तकाचा मागमूस नाही. दाराशी बसलेला शिपाई उगाचच छताकडे बघत राहिला. गेला पंधरवडा हे रोजचंच झालं होतं.

"त्या मशीनला माझं वावडं आहे," अक्का म्हणाली.

"मशीनला कसलं आलंय वावडं? टॅग असला तर वाजतं, नसला तर गप्प."

हे अक्काला शिकवायची गरज नव्हती. ती वाचनालयाची बाइंडर, अठरा वर्षांची जुनी. सगळ्या पुस्तकांना टॅग तिनेच तर डकवले होते. पातळ कागदी चौकोनात तारेचं वेटोळं आणि मधोमध मोहरीएवढी चिप. ना सेल, ना बॅटरी. दारातल्या दोन खांबांमधून जाताना लहरी लागल्या की चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. नोंद न करता काही बाहेर जायला लागलं की गेट बोंब ठोकतं.

ग्रंथपालांच्या डोक्यात नेमका हाच किडा वळवळत होता. टॅग कुठे लावलाय, कसा निघतो, कसा दडवायचा, हे हिच्याइतकं कुणाला ठाऊक? सहा पुस्तकं गायब होती. तीही जुनी, हातांनी रंगवलेल्या नकाशांची, ज्यांच्यावर शौकीन लोकांच्या उड्या पडतील अशी.

टॅग लावून झाले आणि अक्का दोन महिने आजारपणाच्या रजेवर गेली. गेट बसलं ते त्या काळात. तेव्हा ते एकदाही विनाकारण वाजलं नाही. ती परतली त्याच संध्याकाळी वाजलं. याला योगायोग म्हणायला माणूस फारच भोळा असावा लागतो, आणि ग्रंथपालांना भोळं तर त्यांच्या बायकोनेही कधी म्हटलं नव्हतं.

ते अक्कावर नजर ठेवायला लागले. दुपारचा डबा ती अर्धाच खायची. पूर्वी तासन्‌तास बडबडणारी बाई आता विचारलं तेवढंच बोलायची. आणि चालताना एक हात कायम पोटाशी. खळीचे डाग पडलेला तो ढगळ एप्रन घालूनच घरी जायची. एके दिवशी ग्रंथपालांनी एप्रन काढायला लावला. तरी गेट वाजलं.

शेवटी त्यांनी देवघेवीच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं, "आत नेऊन नीट तपासा."

बाई पाच मिनिटांत बाहेर आल्या, चेहरा पाडून. "काही नाही हो साहेब. टाक्यांचा व्रण आहे तेवढा. मला पुन्हा असलं काम सांगू नका."

मागून अक्का आली. डोळे लाल. "अठरा वर्षं झाली साहेब," एवढंच म्हणाली आणि गेट वाजवत निघून गेली.

ग्रंथपालांना रात्री झोप लागली नाही. मुलीचा चिंध्या झालेला शब्दकोश अक्काने एक पैसा न घेता बांधून दिला होता. ते आठवलं की त्यांना तिची दया यायच्या ऐवजी रागच यायचा. भरवसा टाकला तो हिच्यावर!

सकाळी वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन. "शुक्रवारी मला नाव हवंय. अक्का असेल तर अक्का. कामावरून काढा आणि पोलिसांत द्या."

शुक्रवारी गेट बसवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ आला. हातात टॅग शोधणारं छोटं मशीन घेऊन तो खोली-खोली फिरला. तासाभरात सहाही पुस्तकं सापडली. कुठे? खुद्द अध्यक्षांच्या खोलीत, काचेच्या कपाटात. पाहुण्यांना दाखवायला गेट बसायच्या आधी नेली होती आणि विसरले होते गृहस्थ.

ग्रंथपालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बांधणीच्या खोलीत गेले. "अक्का, चुकलो मी. हात जोडतो."

अक्का हसली, कितीतरी दिवसांनी. "असू द्या साहेब. माझी नोकरी राहिली ना? बस झालं."

"पण मग गेट कशाने वाजतं?" दारातून तंत्रज्ञाने विचारलं.

"बिघडलंय तुमचं गेट!" अक्का म्हणाली.

त्याने शिपायाला चालवलं, ग्रंथपालांना चालवलं. गेट गप्प. अक्का बाहेर गेली, वाजलं. आत आली, तरी वाजलं.

"आत येतानाही वाजतंय. सकाळी कसं लक्षात आलं नाही?" तंत्रज्ञाने विचारलं.

"अक्का माझ्याही आधी येते," शिपाई म्हणाला. "तोवर मी गेट चालू केलेलं नसतं."

"बघा साहेब," अक्का म्हणाली. "मी काय घरून पुस्तकं चोरून इथे आणते?"

सगळे हसले. तंत्रज्ञही हसला. त्याने छोटं मशीन तिच्या पिशवीवरून फिरवलं, चपलांवरून फिरवलं. काही नाही. पोटापाशी नेलं तसं ते किंचाळलं. पडद्यावर नंबर उमटला. तो वाचता वाचता त्याचं हसू मावळलं.

"कुठल्या पुस्तकाचा आहे?" ग्रंथपालांनी विचारलं.

"पुस्तकाचा नाही." तो आवाज खाली आणून म्हणाला, "या नंबरांचे टॅग आम्ही दवाखान्यांना देतो. ऑपरेशन चालू असताना रक्त टिपायला आत कापडाच्या घड्या ठेवतात, त्यांना हा टॅग असतो. टाके घालायच्या आधी सगळ्या बाहेर आल्या की नाही, हे मोजायला."