तिसरं कुलूप

गल्ली पाडायच्या आधी सुतारकाकांच्या खोलीचं सागवानी दार कुणीतरी बिजागऱ्यांसकट उचकटून नेलं. चौकीतले साहेब हसले, "अहो काका, घरच पडतंय, दार काय गळ्यात बांधून हिंडणार आहात?"

त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये परवा काकांना कुलूप बसवायला बोलावलं. आत जेवणाचं टेबल म्हणून त्यांचंच दार काचेखाली आडवं पडलं होतं, लेकीने लहानपणी खिळ्याने कोरलेल्या आगगाडीसकट.

"हात नका लावू हं, अँटिक आहे," घरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

काकांनी हत्यारं काढली. "बाई, दोन कुलपं आहेत की दाराला. तिसरं कशाला?"



"काळजी नको घ्यायला? इथे पूर्वी सगळी चोरांची वस्ती होती म्हणे."